वायरिंगचे साहित्य फक्त परवानाधारकांनाच विकावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात शॉक लागून किंवा शॉर्ट सर्किटने आग लागून कोणी दगावले की एक मागणी पुन्हा पुढे येते: वायरिंगचे साहित्य कोणालाही विकू नये, ते परवानाधारक वायरमनलाच मिळावे. या मागणीबद्दल सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अवघड अपवाद पुढे आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विक्रीवर निर्बंध म्हणजे नेमके काय? उद्या दुकानात बल्बसुद्धा मिळणार नाही का?

बल्ब मिळेल. बल्ब, प्लग, तयार एक्स्टेंशन बोर्ड, टेबल फॅन अशा वस्तूंवर बंधन घालावे असे कोणी जाणकार म्हणत नाही. प्रश्न आहे तो घराच्या कायमच्या वायरिंगचा भाग होणाऱ्या साहित्याचा, म्हणजे भिंतीतून जाणारी वायर, डिस्ट्रिब्युशन बोर्ड (ज्याला सगळे डीबी म्हणतात), त्यातले एमसीबी (वायरमधून जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळू लागली की पडणारा स्विच), मेन स्विच आणि अर्थिंगचे साहित्य यांचा. निर्बंध आला तर हे साहित्य देताना दुकानदाराने गिऱ्हाइकाचा परवाना पाहायचा, त्याचा क्रमांक बिलावर लिहायचा आणि परवाना नसेल तर माल द्यायचा नाही, असे त्याचे स्वरूप राहील. यादीत नेमके काय असावे यावरच खरा वाद आहे आणि तो प्रश्न ४ मध्ये घेतला आहे.

२. परवान्याशिवाय वायरिंग करायला अनेक देशांत आधीच बंदी आहे. मग विक्रीवर वेगळा निर्बंध कशाला?

कारण वायरिंगचे काम घराच्या आत होते आणि ते होत असताना नियम पाळला जातो की नाही हे पाहणारे तेथे कोणी नसते. भिंतीवर गिलावा चढला की आतले जोड दिसत नाहीत, आणि ते कोणी केले होते याची विचारपूस बहुधा अपघात झाल्यावरच सुरू होते. काम सुरू होण्याआधी करणाऱ्याची दुसऱ्या कोणाशी गाठ पडण्याची जवळजवळ एकच जागा उरते, ती म्हणजे दुकानाचा काउंटर. तेथे एकदा विचारणा झाली तर निदान ज्याला आपण काही चुकीचे करतो आहोत याची कल्पनाच नाही, असा माणूस थांबेल. अशांची संख्या मोठी असते. नियम मुद्दाम मोडणारा माणूस विरळा. नियम आहे हेच ठाऊक नसलेला माणूस मात्र घरोघरी भेटतो.

पण काउंटरवर माणूस दिसतो, त्याचे काम दिसत नाही. खरेदी करणारा परवानाधारक निघाला म्हणून त्याने बसवलेला डीबी सुरक्षित ठरत नाही. म्हणून माझे मत असे आहे की विक्रीवरचा निर्बंध हा वीज सुरू करण्यापूर्वीच्या सक्तीच्या चाचणीला जोडलेला असावा. चाचणी नसेल तर नुसत्या निर्बंधाने साहित्य कोणाच्या हाती जाते एवढेच बदलेल.

३. असा निर्बंध जगात कुठे आहे का?

बहुतेक देशांनी काम नियंत्रित केले आहे आणि विक्री मोकळी ठेवली आहे. ऑस्ट्रेलियात घरातला साधा स्विच बदलायलाही परवाना लागतो, तरीही तोच स्विच दुकानात कोणालाही विकत मिळतो. परवानाधारकाकडूनच बसवून घ्यावा अशी सूचना तेवढी सोबत असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून बांधकाम नियमांचा ‘पार्ट पी’ लागू झाला. नवे सर्किट टाकणे किंवा डीबी बदलणे यांसारखे काम तेथे नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे लागते किंवा बांधकाम नियंत्रण यंत्रणेला कळवावे लागते. साहित्य मात्र खुले आहे. भारतात १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या नियम ४५ पासून एक तत्त्व चालत आले आहे: वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलायला हरकत नाही, त्यापलीकडचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या थेट देखरेखीखालीच करायचे. न्यूझीलंडने वेगळी वाट धरली आहे. तेथे घरमालकाला स्वतःच्या घरात ठरावीक वायरिंग करण्याची कायद्याने मुभा आहे, त्यासाठी २००४ ची स्वतंत्र आचारसंहिता आहे, आणि काही किरकोळ बदल सोडले तर ते काम परवानाधारक निरीक्षकाने तपासल्याशिवाय विजेला जोडता येत नाही.

विक्रीच रोखण्याचे खरे उदाहरण शेजारच्या धंद्यात सापडते. एसी आणि फ्रिजमध्ये भरायचा, ओझोन थराला मारक असलेला वायू अमेरिकेत १४ नोव्हेंबर १९९४ पासून प्रमाणित तंत्रज्ञांनाच विकता येतो. पुढे २०१८ पासून हा नियम पर्यायी वायूंनाही लागू झाला तेव्हा मोटारीच्या एसीसाठी असलेल्या त्यांच्या छोट्या डब्यांना सूट दिली गेली, पण डब्याची झडप आपोआप बंद होणारी असावी या अटीवर. हा नियम वातावरणाच्या रक्षणासाठी आहे, घराच्या सुरक्षिततेसाठी नाही. तरीही काउंटरवर प्रमाणपत्र पाहून माल देणे इतकी वर्षे शक्य झाले आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. सूट देताना त्यांनी वस्तूची रचनाच अधिक सुरक्षित करून घेतली, ही गोष्ट मला विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते.

४. निर्बंधाच्या यादीत कोणते साहित्य असावे आणि कोणते नसावे?

यादी करताना माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू चुकीची बसवली तर चूक लगेच उघडी पडते, की लपून राहते? बल्ब नीट बसला नाही तर लागत नाही, आणि गोष्ट तेथेच संपते. याउलट डीबीतला न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) स्क्रू अर्धवट आवळला तर घर महिनोन्महिने सुरळीत चालते आणि तो जोड आतल्या आत तापत राहतो. ज्या वस्तूंची चूक लपते त्या निर्बंधाखाली याव्यात: भिंतीतून टाकायची वायर, डीबी, मेन स्विच, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंगचे साहित्य, आणि गिझर किंवा चुलीसारख्या मोठ्या लोडची कायमची जोडणी.

स्विच आणि सॉकेट या सीमेवरच्या वस्तू आहेत. जुना काढून तसाच नवा बसवणे तुलनेने सोपे आहे, परंतु सॉकेटमध्ये अर्थिंग तुटलेले राहिले तर ती चूक लपणारीच आहे. सुट्या स्विच-सॉकेटची विक्री मोकळी ठेवावी असे मला वाटते, कारण ती बंद केली तर लोक तडा गेलेले, काळे पडलेले सॉकेट वर्षानुवर्षे तसेच वापरत राहतील. तो धोका अधिक मोठा आहे.

५. मी स्वतः वायरिंग केले. सगळे दिवे लागतात, पंखे फिरतात. मग काम चुकीचे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि सगळा विषय त्यातच आहे. दिवा लागणे हे वीज पोहोचल्याचे लक्षण आहे. वीज सुरक्षितपणे पोहोचते आहे की नाही हे दिव्यावरून कळत नाही.

पहिली गोष्ट अर्थिंगची. यंत्र चालायला फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल या दोन तारा पुरतात. तिसरी, बिघाडाचा प्रवाह जमिनीकडे नेणारी अर्थची तार एरवी काहीही करत नाही, त्यामुळे ती जोडलेलीच नसली तरी वॉशिंग मशीन कपडे धुते आणि गिझर पाणी तापवतो. ज्या दिवशी गिझरचे कॉइल फुटून टाकीत फेज उतरतो, त्या दिवशी ती तार नव्हती हे समजते.

दुसरी गोष्ट स्विचची. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसला तरी दिवा लागतो आणि विझतो. स्विच बंद करून कोणी होल्डरमध्ये बोट घातले, तर तेथे फेज जिवंत असतो.

तिसरी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका घरात तपासणीसाठी सॉकेट उघडले तेव्हा न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलवर टाकलेला बोटभर लांबीचा हिरवा वायरचा तुकडा सापडला. भिंतीत अर्थची तार नव्हतीच. सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर सगळे ठीक असल्याचे दाखवत होता, कारण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये त्याला पूर्ण व्होल्टेज मिळत होते. मागे कोठेही न्यूट्रल सुटला असता तर चालू यंत्रातून फेज न्यूट्रलवर आणि त्या हिरव्या तुकड्यावरून थेट यंत्राच्या पत्र्यावर आला असता. ज्याने तो तुकडा टाकला त्याला आपण अर्थिंग दिले असेच वाटत असावे, आणि म्हणूनच मला त्याच्यावर रागावता आले नाही.

चौथी गोष्ट ढिल्या जोडाची. स्क्रूखाली तार नीट दाबली गेली नाही आणि तेथे अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला असे धरा. त्यातून १० अँपिअर वाहिले की त्या ठिपक्याएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता निर्माण होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. प्रवाह मात्र १० अँपिअरच असल्यामुळे एमसीबीला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

या चारही चुका मोजमापाने सापडतात: अर्थची तार अखंड आहे की नाही, ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम येतो की नाही, फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत की नाही, आणि बिघाड झाल्यास अर्थच्या वाटेने पुरेसा प्रवाह वाहील की नाही. जोड हलवून, आवळून आणि डोळ्यांनी पाहणे हाही चाचणीचाच भाग आहे. खिशातल्या निऑन टेस्टरने यांतले जवळजवळ काहीच होत नाही.

६. घरात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही आहेत. मग चूक झाली तरी ते पडतीलच ना?

एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला तरी हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. दिव्यांच्या सर्किटवरचा छोटा एमसीबीही ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा असतो. माणसाला लागलेला शॉक त्याच्या मोजमापातच येत नाही.

माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तेवढी गळती झाली की त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडायची असते, आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. तरीही एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर जमिनीकडे गळती होत नाही, त्यामुळे तो पडत नाही. ढिल्या जोडाची उष्णताही त्याला कळत नाही. त्याच्यावरचे ‘टेस्ट’ बटण नियमित दाबावे, पण ते फक्त आतली यंत्रणा चालते एवढेच सांगते. घरात अर्थिंग मुळीच नसले तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले तर तो विनाकारण पडू लागतो, आणि वैतागलेले लोक शेवटी तो काढूनच टाकतात. विकत घेतलेले उपकरण चांगले असणे आणि ते योग्य जोडलेले असणे यांत एवढे अंतर आहे.

७. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी घ्यायला गेलो. दुकानदाराने तो द्यायला नकार द्यावा का?

द्यावा, आणि हा नकार पटवून द्यायला मला सर्वांत सोपा वाटतो. भिंतीतल्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची क्षमता बसवण्याच्या पद्धतीनुसार साधारण १५ ते १७ अँपिअर असते. तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर तो ३५ अँपिअर प्रवाह तासभर निमूटपणे वाहू देईल, कारण प्रमाणित एमसीबी त्याच्या क्षमतेच्या १.१३ पटीपर्यंत तासाभरात पडू नये असाच बनवलेला असतो. दुप्पट प्रवाहाला उष्णता चौपट होते. इन्सुलेशन आधी मऊ होते, मग कडक होऊन तडकते, आणि हे सारे भिंतीत घडत असते. एमसीबी पडणे ही तक्रार ऐकण्याची सूचना आहे. लोड वाढला असेल तर नवे सर्किट टाकावे लागते.

८. ‘पात्र’ कोण हे ठरवणार कोण? पंचवीस वर्षे काम करणाऱ्या, पण कागद नसलेल्या वायरमनचे काय?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून आणलेला निर्बंध अन्यायाचा ठरेल. अनेक उत्तम वायरमन उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. त्यांचे जोड पाहिले तर पदविकाधारकालाही शिकण्यासारखे असते. त्यांना एका दिवसात ‘अपात्र’ ठरवून काउंटरवरून परत पाठवणे योग्य नाही. त्यांच्यासाठी पुरेशी मुदत आणि प्रात्यक्षिक परीक्षा असावी. परीक्षेत डीबी जोडून दाखवणे, मुद्दाम केलेला बिघाड शोधणे आणि प्रश्न ५ मधल्या चाचण्या मीटरने करून दाखवणे एवढे तपासावे. परीक्षा त्यांच्या भाषेत व्हावी आणि लेखी भाग कमीत कमी असावा.

दुसऱ्या बाजूने अनुभव म्हणजे बरोबर काम असेही नाही. एकच चूक पंचवीस वर्षे करत आलेले लोकही असतात, कारण ती चूक त्यांच्या डोळ्यांसमोर कधी उघडी पडलेलीच नसते. म्हणून परीक्षा सगळ्यांना हवी आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरणही हवे.

९. परवानाधारकांनी केलेल्या वायरिंगमुळेही आगी लागल्या आहेतच ना?

लागल्या आहेत. अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महाग झाल्यामुळे लाखो घरांत अॅल्युमिनियमची वायर टाकली गेली. साहित्य मान्यताप्राप्त होते आणि काम करणारेही व्यवसायातलेच होते. पण अॅल्युमिनियम तापून-निवून तांब्यापेक्षा अधिक प्रसरण-आकुंचन पावते, दाबाखाली हळूहळू दबत जाते, त्याच्यावर वीजरोधक ऑक्साइडचा थर चढतो, आणि स्क्रूखालचे जोड ढिले होत गेले. तेथे दोष माणसाच्या अज्ञानापेक्षा साहित्य आणि टर्मिनल यांच्या मेळाचा होता. विक्रीवरचा निर्बंध अशा प्रकारात काहीच करू शकला नसता. त्याला उत्तर साहित्याच्या मानकांत आणि नियतकालिक तपासणीत आहे (प्रश्न १७ पाहा).

१०. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. माझी पदवी पुरेशी मानली जाईल का?

माझ्या मते केवळ पदवीवर साहित्य देऊ नये. पदवीमुळे वायरचा आकार का आणि किती हे नीट कळते, परंतु टर्मिनल किती आवळायचे आणि जुन्या घरात कशावर विश्वास ठेवायचा नाही हे हाताने शिकावे लागते. ब्रिटनमध्ये पूर्वी काळी वायर न्यूट्रल होती. १ एप्रिल २००६ पासून नव्या कामात निळी वायर न्यूट्रल झाली आणि तीन फेजच्या जोडणीत काळी वायर एका फेजची झाली. एकाच घरात दोन्ही काळांचे काम असेल, तर केवळ रंगावर भिस्त ठेवणारा पदवीधरही फसतो. इंजिनिअरला लेखी परीक्षेतून सूट मिळावी, प्रात्यक्षिकातून मिळू नये.

११. निर्बंध आला तर लोक जुन्याच तारा जोडून काम भागवतील आणि बनावट मालाचा बाजार वाढेल, असे म्हणतात. खरे आहे का?

या मागणीवरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. वायर मिळाली नाही म्हणून कोणी सॉकेटची गरज सोडून देत नाही. तो जुन्या वायरचे तीन तुकडे पिळून वर टेप गुंडाळेल, स्पीकरची बारीक वायर चौकटीच्या कडेने खिळ्यांनी ठोकेल, किंवा एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा खोचून तो सतरंजीखालून कायमचा नेईल. यांतला प्रत्येक उपाय नव्या, योग्य आकाराच्या वायरीपेक्षा धोकादायक आहे. बनावट मालाचेही तसेच आहे: तांब्याचा पातळ मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर वरून तांब्यासारखीच दिसते, पण अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला ती बरीच जास्त तापते. टोक कापून चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो.

यावर उपाय म्हणजे सरळ मार्ग आडवाटेपेक्षा सोपा ठेवणे. यादी छोटी असावी, परवानाधारक पुरेसे असावेत, आणि न्यूझीलंडप्रमाणे ज्याला स्वतः काम करायचे आहे त्याला आधी नोंदणी करून साहित्य घेण्याची आणि वीज जोडण्यापूर्वी तपासून घेण्याची वाट खुली असावी. ही वाट बंद ठेवून केलेला निर्बंध लोकांना टेप आणि खिळ्यांकडेच ढकलेल.

१२. ऑनलाइन खरेदीचे काय? आणि परवानाधारकाने माल घेऊन दुसऱ्याला दिला तर?

दुकानाला नियम आणि ऑनलाइन विक्रीला मोकळीक असेल तर नियमाला अर्थ उरत नाही. परवाना क्रमांक अधिकृत नोंदवहीशी पडताळल्याशिवाय मागणी स्वीकारली जाऊ नये, आणि परदेशातून थेट येणाऱ्या मालालाही तोच नियम असावा.

परवाना उसना देण्याचा प्रकार कागदोपत्री पडताळणीने थांबणार नाही. तो थांबेल तो डीबीला नोंद जोडल्याने: कोणत्या परवानाधारकाने डीबी बसवला, चाचणीत काय आकडे आले आणि तारीख कोणती, याचा तक्ता डीबीच्या दारावर चिकटवलेला असावा. बिलावरचा क्रमांक आणि दारावरचा क्रमांक एकच असेल, तर नाव उसने देणाऱ्याला त्या कामाची जबाबदारीही घ्यावी लागेल.

१३. जेथे आसपास एकही परवानाधारक नाही, तेथे काय करायचे?

अशा ठिकाणी सरसकट निर्बंध लावू नये. तेथे आधी प्रशिक्षण आणि परीक्षा पोहोचायला हव्यात. मधल्या काळात प्रश्न ११ मधली नोंदणी-तपासणीची वाट वापरता येईल. निरीक्षकाने ठरावीक दिवशी एका भागात येऊन नोंदलेली सर्व कामे एकत्र तपासली तर दूरच्या घरांनाही ते परवडते.

१४. काम वायरमनकडूनच करून घेईन, पण साहित्य मला स्वतः निवडून घ्यायचे आहे. ते चालेल का?

चालायला हवे. घरमालकाने निवड करू नये असा निर्बंधाचा हेतू नसावा, कारण सगळी खरेदी वायरमनच्या हाती गेली तर दर्जात काटछाट होण्याची भीती वाटते आणि ती निराधार नाही. युरोपीय संघाने एसीबाबत २०१४ च्या नियमांत असाच तोडगा काढला: वायू भरलेला, पण जागेवर जोडणी करावी लागणारा एसी ग्राहकाला विकता येतो, मात्र तो प्रमाणित तंत्रज्ञच बसवणार असल्याचा पुरावा द्यावा लागतो. डीबी आणि वायर यांनाही हे जसेच्या तसे लागू करता येईल. पैसे घरमालकाने द्यावेत, बिलावर त्याचे नाव असावे, आणि सोबत काम करणाऱ्याचा परवाना क्रमांक असावा.

१५. रात्री सॉकेटमधून जळका वास आला आणि प्लास्टिक वितळलेले दिसले. परवानाधारक सकाळपर्यंत येणार नाही. मी काय करू?

त्या सॉकेटला हात न लावता आधी डीबीवरून त्याचा एमसीबी बंद करावा; कोणता तो कळत नसेल तर मेन स्विच बंद करावा. प्लग गरम किंवा चिकटलेला असेल तर वीज बंद झाल्याखेरीज तो ओढू नये. धूर येत असेल किंवा भिंत तापलेली लागत असेल तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला कळवावे, आणि पाणी अजिबात टाकू नये. सगळे थंड झाले तरी तो एमसीबी बंदच ठेवावा. बाकीचे घर चालू ठेवता येते. मध्यरात्री नवे सॉकेट मिळवून बसवण्याची घाई करू नये, कारण वितळण्याचे मूळ कारण बहुतेक वेळा मागच्या जोडात असते आणि तापलेल्या वायरचे टोक कापल्याशिवाय नवे सॉकेटही त्याच वाटेने जाते.

१६. मी छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करतो, शिवाय बॅटरी आणि सोलार पॅनेलही जोडायचे आहेत. कमी व्होल्टेजच्या साहित्यालाही निर्बंध लागेल का?

आंतरराष्ट्रीय मानकांत एसी (घरात येणारा, दिशा बदलत राहणारा प्रवाह) ५० व्होल्ट आणि डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) १२० व्होल्टपर्यंतचे व्होल्टेज ‘अतिकमी’ गटात धरतात. छंदाचे सुटे भाग, खेळण्यांचे सर्किट, एलईडी पट्ट्या यांवर बंधन नको. विद्यार्थ्यांचे हात येथेच तयार होतात आणि ते थांबवणे मोठ्या नुकसानीचे होईल.

येथे दोन अपवाद आहेत. पहिला बॅटरीचा: १२ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीने शॉक बसत नाही, पण तिच्या दोन टर्मिनलांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. दुसरा अपवाद सोलार पॅनेलचा. पॅनेल एकापाठोपाठ जोडली की डीसी व्होल्टेज काही शे व्होल्टपर्यंत जाते, आणि ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विचमधली ठिणगी विझायला मदत होते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, त्यामुळे तेथे साधा एसी एमसीबी लावला तर तो पडूनही आतली ठिणगी पेटती राहू शकते. म्हणून घरच्या वायरिंगला जोडायचे सोलारचे साहित्य आणि मोठ्या बॅटरी यांचा समावेश प्रश्न ४ मधल्या यादीत व्हावा.

१७. जुने घर घेतले आहे. आधी कोणी काय केले माहीत नाही. विक्रीवरच्या निर्बंधाने माझे काही भले होईल का?

थेट काहीच नाही. आज दुकानात काय विकले जाते यावरचे बंधन भिंतीत आधीच असलेल्या वायरपर्यंत पोहोचत नाही, आणि बहुतेक घरांतला धोका भिंतीतच असतो. अशा घरासाठी पहिला उपाय संपूर्ण तपासणीचा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांसाठी २०२० मध्ये नियम आला. १ एप्रिल २०२१ पासून सर्व चालू भाडेकरारांनाही तो लागू झाला आणि किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून वायरिंग तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक झाले. तपासणी आणि विक्रीचा निर्बंध यांपैकी एकच निवडायची वेळ आली तर मी तपासणी निवडेन.

१८. निर्बंध येण्यापूर्वी घेऊन ठेवलेले वायरचे बंडल आणि डीबी घरात पडून आहेत. ते वापरता येतील का?

साहित्य बाळगणे गुन्हा ठरू नये. ते परवानाधारकाला द्यावे आणि त्याने पाहून बसवावे. पाहताना वायरवरचा आकार आणि मानकाचे चिन्ह छापलेले आहे का, उन्हात राहून इन्सुलेशन कडक झाले आहे का, बंडलाला उंदराने कुरतडले आहे का, हे बघावे. डीबी ओलसर जागी ठेवला असेल तर त्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर आलेला असतो. तसा डीबी बसवू नये. आरसीसीबी जुना असेल तर तो लावण्यापूर्वी मीटरने त्याचा पडण्याचा वेळ मोजावा, कारण कित्येक वर्षे न हललेली यंत्रणा कधीकधी पहिल्याच वेळी अडकते.